नस फुटायच्या आधी डोळ्यात काय चाललेलं असतं

पेशंट साधारण असा असतो. वय वीस ते पस्तीसच्या मधलं, बहुतेक वेळा पोरगाच, शुगर नाही, बीपी नाही, चष्मासुद्धा कधी लागलेला नाही, आणि स्वतःच्या पायाने चालत येऊन सांगतो की ताई, काल सकाळी उठलो तर डाव्या डोळ्यासमोर काळे धागे फिरायला लागले आणि दुपारपर्यंत सगळा धूरच धूर. दुखतंय का? नाही. लाल झालाय का? नाही. मार लागला होता का? इथे मात्र पोरं जरा थांबतात, मग कुणी मागच्या महिन्यातला क्रिकेटचा बॉल आठवून सांगतो, कुणी सिमेंटचं पोतं उचललं म्हणतो, कारण काहीतरी कारण असायलाच पाहिजे ना. मेडिकलमधून आणलेले ड्रॉप दोन-चार दिवस टाकून झालेले असतात. आणि सोबत आलेला काका किंवा मामा ठामपणे सांगतो, "डोळ्याची नस फुटली."

मी रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या, ओपीडीत अँजिओग्राफी, ओसीटी (पडद्याचा स्कॅन), सोनोग्राफी वगैरे काढते. डॉक्टर नाहीये, त्यामुळे गोळी कुठली घेऊ हे मला विचारू नका. पण इतकी वर्षं त्या मशीनच्या मागे बसून एक गोष्ट डोक्यात पक्की झालीये की नस फुटली हे वाक्य बरोबर असलं तरी ते गोष्टीच्या शेवटाकडचं वाक्य आहे. फुटलेली नस त्या पोराची जन्मापासूनची नसतेच मुळी. ती मधल्या काळात उगवलेली असते, नको तिथे, आणि ती उगवायच्या आधी त्या डोळ्यात सूज येऊन गेलेली असते किंवा अजून चालू असते, आणि या सुजेबद्दल कुणीच बोलत नाही कारण ती दुखत नाही आणि दिसत नाही.

शुगरने डोळ्यात रक्त येतं हे आता गावागावात माहितीये. पण शुगर नसलेल्या तरण्या पोराच्या डोळ्यात परत परत रक्त येतं त्या आजाराला ईल्स डिसीज म्हणतात हे बऱ्याच शिकलेल्या लोकांनाही माहीत नसतं. गूगल केलं की इंग्रजीत मिळतं, मराठीत नीट काही सापडत नाही, म्हणून हे लिहितेय.

हेन्री ईल्स हा बर्मिंगहॅमचा डोळ्यांचा डॉक्टर. त्याने १८८० मध्ये तरण्या पोरांच्या काही केसेस लिहून ठेवल्या, डोळ्यात परत परत रक्तस्राव, सोबत नाकातून रक्त येणं आणि बद्धकोष्ठ. त्याची समजूत अशी की आतड्याकडच्या शिरा आवळल्या जातात, पोट साफ होत नाही, आणि मग रक्ताचा लोंढा डोक्याकडे वळतो म्हणून डोळ्यात नस फुटते. (आमच्याकडच्या कुठल्याही आजीला ही थिअरी आजही लगेच पटेल, सगळ्याचं मूळ पोटात.) गंमत म्हणजे सूज त्याने नोंदवलीच नाही. शिरांना सूज आहे आणि नवीन वाहिन्या येतायत हे वॉड्सवर्थ नावाच्या डॉक्टरने १८८७ मध्ये लिहिलं. तरी नाव ईल्सचंच राहिलं, आणि त्याच्या देशात आता हा आजार क्वचित दिसतो, आपल्याकडे मात्र दिसत राहतो. भारतातल्या जुन्या नोंदींत डोळ्यांच्या दर २०० ते २५० पेशंटमागे एक असा आकडा दिलेला असतो. आमच्याकडे आठवड्याचा अँजिओग्राफीचा दिवस असा क्वचितच जातो की एकही असा पोरगा नाही.

आता नक्की होतं काय ते सांगते. डोळ्याच्या पडद्यातल्या ज्या अशुद्ध रक्ताच्या बारीक शिरा असतात, त्यातही कडेच्या, त्यांच्या भिंतीभोवती लिम्फोसाइट म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशी गोळा होतात. का होतात त्याची भानगड पुढे येईल. या पेशी गप्प बसत नाहीत, टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ असली केमिकल सोडतात, त्याने शिरेचं आतलं अस्तर चिकट होतं, त्या अस्तरावर आयकॅम-१ नावाचं एक प्रोटीन वर येतं, आणि वाहत्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला चिकटून बसतात. भिंत जाड, आतली वाट अरुंद, आणि मग काही ठिकाणी वाटच बंद. डॉक्टर लेन्स लावून बघतात तेव्हा शिरेच्या दोन्ही बाजूंनी पांढरी किनार दिसते, तीच ही सूज. पेशंटला यातलं काहीच कळत नाही कारण सगळा कारभार पडद्याच्या कडेला चाललेला असतो आणि आपण वाचतो-बघतो ते मधल्या भागाने. मधला भाग ठणठणीत, ६/६ नजर, मग डोळे कशाला दाखवतोय कोण.

वाट बंद झाली की त्या भागातल्या केशवाहिन्या सुकतात. आणि पडदा म्हणजे शरीरातला अतिशय खादाड भाग, ऑक्सिजन भरपूर लागतो त्याला. ऑक्सिजन कमी पडला की पेशींमधलं एचआयएफ नावाचं प्रोटीन, जे एरवी तयार झाल्या झाल्या तोडलं जातं, ते टिकून राहतं आणि व्हीईजीएफ बनवायची ऑर्डर देतं. पेशींना ऑक्सिजन कमी झालेला कळतो कसा हे शोधल्याबद्दल २०१९ चं नोबेल तिघांना मिळालं, केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेंझा, तर तेच हे. व्हीईजीएफ म्हणजे नवीन रक्तवाहिन्या उगवायचा निरोप. असा काहीतरी झिरपणारा पदार्थ उपाशी पडद्यातून सुटत असणार असा अंदाज आयझॅक मायकेलसनने १९४८ मध्येच बांधला होता, पण तो पदार्थ हातात यायला पुढची चाळीस वर्षं गेली, १९८९ मध्ये नेपोलिऑन फेरारा आणि त्याच्या टीमने व्हीईजीएफचं जीन वेगळं काढलं. त्याच्या आधी १९८३ मध्ये ड्व्होरॅक नावाच्या संशोधकाच्या लॅबमध्ये वाहिन्यांना गळकं करणारा एक पदार्थ सापडला होता, नंतर कळलं की दोन्ही एकच. म्हणजे जो वाहिनी उगवतो तोच तिला गळकीही करतो, हे लक्षात ठेवा.

इथपर्यंतची गोष्ट बरेच जण अशी सांगतात की सूज आली, रक्त अडलं, पडदा उपाशी राहिला, वाहिनी उगवली. सरळ लाइन. पण ती तशी सरळ नाहीये आणि मला वाटतं खरी गोम इथेच आहे. सुजेच्या जागी जमलेल्या मॅक्रोफेज पेशी (याही एका जातीच्या पांढऱ्या पेशीच) स्वतःसुद्धा व्हीईजीएफ सोडतात, पडदा उपाशी असो नसो. आणि व्हीईजीएफ वाढलं की ते उलट आयकॅम-१ वाढवतं, आणखी मोनोसाइट, म्हणजे पुन्हा पांढऱ्या पेशीच, ओढून आणतं. म्हणजे सुजेने वाहिनी वाढते आणि वाहिनी वाढवणाऱ्या केमिकलने सूज वाढते. त्यामुळे एकीकडची कडी तोडून दुसरी तशीच ठेवली तर काही दिवसांनी पहिले पाढे पंचावन्न.

हे सगळं मला स्क्रीनवर दिसतं, म्हणून अँजिओग्राफीबद्दल थोडं सांगते. पोराला स्टुलावर बसवायचं, हनुवटी पट्टीवर, कपाळ वरच्या पट्ट्याला टेकलेलं, हाताला सुई लावलेली. शेजारी ट्रे, त्यात एविल, एफकोर्लिन, अ‍ॅड्रिनालिन भरून ठेवलेलं, क्वचित कुणाला रिअ‍ॅक्शन येते म्हणून. मग फ्लोरेसीनचा केशरी-पिवळा डाय सोडायचा आणि घड्याळ सुरू. हातातून डोळ्यात पोचायला दहा-पंधरा सेकंद लागतात. निळा फ्लॅश मारत राहायचा, काळ्याभोर स्क्रीनवर आधी धमन्या उजळतात, मग शिरा, आणि साधारण याच वेळेला पोरगा म्हणतो, "ताई, मळमळतंय." तोंडाने श्वास घे, डोळा मिटू नको, होईल आत्ता कमी. मिनिटभरात खरंच कमी होतं. बाहेर नातेवाइकांना आधीच सांगून ठेवते की उद्यापर्यंत लघवी गडद पिवळी होणार, कावीळ नाहीये, रात्री फोन करू नका. तरी फोन येतोच.

ईल्सची शंका असली की नुसता मधला फोटो काढून चालत नाही. वर बघ, खाली बघ, अजून खाली, कानाकडे बघ, नाकाकडे बघ, असं सगळीकडे फिरवून घ्यायचं, कारण माल सगळा कडेला. चांगल्या वाहिनीत डाय आतच राहतो, कडा सुरीने कापल्यासारखी. सुजलेल्या शिरेची भिंत डाय पिते, त्यामुळे ती शीर जाड आणि पुसट दिसायला लागते. त्याच्या पलीकडे काळे पट्टे, म्हणजे तिथे रक्तच जात नाहीये. आणि उजेड-काळोखाच्या बरोबर हद्दीवर एक पंख्यासारखा झुबका. पहिल्या मिनिटाला त्यातल्या बारीक काड्या वेगवेगळ्या दिसतात, पाच मिनिटांनी तोच झुबका नुसता पांढराफेक ढग झालेला असतो, इतकं गळतं त्यातून. डॉक्टरांना न विचारता मला कळतं की हीच ती बाई जिने हा घोळ घातलाय.

या नवीन वाहिन्या पडद्याच्या आत राहत नाहीत, बाहेर डोळ्यातल्या जेलवर चढतात, काकडीचा वेल मांडवावर चढावा तशा. वेलाला मांडव लागतोच. पण हा मांडव हलतो, जेल आकसतं, मागून सुटायला लागतं, आणि त्या ओढीत वेल तुटतो. तेव्हा रक्त येतं. म्हणून झोपेतून उठल्यावर, काही न करता, असं होऊ शकतं, पोतं उचललं नसतं तरी झालं असतं.

आता उपचाराकडे येते, कारण माझी खरी कळकळ इथे आहे.

पोरगं घरी जातं, डॉक्टरांनी डोक्याखाली दोन उशा घेऊन झोपायला सांगितलेलं असतं म्हणजे रक्त खाली बसेल आणि वरचा पडदा तरी दिसेल. तीन-चार आठवड्यांत रक्त आपोआप खाली बसतं, थोडं शोषलं जातं आणि दिसायला लागतं. गोळ्या चालू असतातच, वायसोलोन म्हणजे प्रेडनिसोलोन, वजनाच्या किलोला साधारण एक मिलिग्राम या हिशोबाने सुरू करून हळूहळू उतरवत नेतात. आणि घरात कुणीतरी पाकिटावरचं नाव गूगल करतं. स्टेरॉइड! झालं. किडनी जाते, हाडं ठिसूळ होतात, शेजारच्या अमक्याचं तोंड कसं सुजलं होतं बघ. दिसतंय ना आता, मग कशाला विष खातोस. गोळी बंद.

यात गल्लत अशी आहे की दिसायला लागलं ते रक्त खाली बसलं म्हणून, सूज गेली म्हणून नाही. रक्त गोळीशिवायही बसलं असतं. गोळी रक्तासाठी नव्हतीच, ती त्या शिरेभोवतीच्या पांढऱ्या किनारीसाठी होती, आणि ती किनार पोराला ना आधी दिसत होती ना आता दिसते. मग हे पोरगं काही महिन्यांनी परत येतं, या वेळी रक्त जास्त, आणि सोनोग्राफीत जेलमध्ये तंतूंचे पडदे-पडदे तयार झालेले दिसतात. असं मी किती वेळा बघितलंय सांगू नये. एकदा तर एका आईने गोळ्यांची स्ट्रिप जशीच्या तशी परत आणून माझ्या टेबलावर ठेवली, पाच गोळ्या कमी होत्या फक्त, आणि वर म्हणे, "आमच्या फॅमिली डॉक्टरने सांगितलं एवढ्या पॉवरच्या नको." मी काय बोलणार. आतमध्ये पाठवलं.

स्टेरॉइडचे त्रास खोटे आहेत असं मी म्हणत नाही. भूक वाढते, झोप उडते, चिडचिड, अ‍ॅसिडिटी, शुगर वाढू शकते, डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं, जास्त दिवस चाललं तर मोतीबिंदू. म्हणूनच तर उतरवत उतरवत देतात आणि प्रत्येक व्हिजिटला आम्ही प्रेशर बघतो. पण कमी करायची असेल तर डॉक्टरांशी भांडून कमी करून घ्या, आपल्या मनाने एका दिवसात बंद करू नका, त्याने शरीराची स्वतःची यंत्रणाही गडबडते.

दुसरा प्रकार याच्या उलट. "मॅडम, ते इंजेक्शन मारून टाका ना डायरेक्ट, आमच्या आजोबांना मारलं होतं." आजोबांना मारलेलं असतं ते व्हीईजीएफ थांबवणारं. बेव्हॅसिझुमॅब २००४ मध्ये आतड्याच्या कॅन्सरसाठी आलं, २००५ मध्ये फिलिप रोझेनफेल्डने मायामीत ते थेट डोळ्यात देऊन बघितलं, २००६ मध्ये डोळ्यांसाठीच बनवलेलं रॅनिबिझुमॅब आलं, आणि म्हातारपणाच्या वेट मॅक्युलाचं (पडद्याच्या मधल्या भागाखाली गळक्या वाहिन्या येतात तो आजार) चित्रच बदललं, त्यात वाद नाही. पण ईल्समध्ये मामला वेगळा. झुबका सुकतो हे खरं, पण जिथे वाहिन्यांसोबत तंतूंचा पडदा तयार झालाय तिथे तो पडदा इंजेक्शननंतर आवळतो आणि खालचा रेटिना ओढून सुटू शकतो. त्यामुळे सर लोक ते जपून वापरतात, बऱ्याचदा ऑपरेशनच्या आधी. आणि खालची सूज तशीच असली तर औषधाचा असर ओसरला की व्हीईजीएफ परत हजर.

लेझरचंही तेच. उपाशी पडद्याला लेझरने भाजून टाकायचं म्हणजे त्याची ऑक्सिजनची मागणीच बंद, निरोप बंद, वाहिनी सुकते. हिशोब चोख आहे आणि ईल्समध्ये लेझर हा मोठा आधार आहे. पण सूज भडकलेली असताना लेझर मारलं तर भाजल्याने सूज आणखी वाढून वाहिन्या जोर धरू शकतात, म्हणून आधी सूज शांत करायची, मग लेझर. पेशंटला वाटतं सर टाळतायत, तारीख पुढे ढकलतायत. ढकलत नाहीयेत हो, थांबलेत.

रक्त तीनेक महिन्यांत हटलंच नाही, किंवा पडदा ओढला जातोय असं दिसलं, तर मग विट्रेक्टॉमी. १९७० मध्ये रॉबर्ट माखेमरने बंद डोळ्यात बारीक भोकातून जेल काढायची ही पद्धत सुरू केली, आज भोकं अर्धा-पाऊण मिलिमीटरची झालीत. मांडवच काढून टाकला की वेल चढणार कशावर.

बरं, मुळात ती सूज येते का. इथे टीबी येतो आणि घरच्यांचे चेहरे पडतात. "आमच्या घरात कुणाला खोकला नाही." खोकला नसतोच बहुतेकांना, छातीचा फोटोही साफ असतो. संशय जुना आहे, १९११ मध्ये अ‍ॅक्सनफेल्ड आणि स्टॉक यांनी टीबीशी संबंध जोडला होता. आपल्याकडे चेन्नईच्या शंकर नेत्रालयात डॉ. माधवन, डॉ. ज्योतिर्मय बिश्वास यांच्या टीमने ऑपरेशनमध्ये काढलेल्या त्या तंतूंच्या पडद्यांची पीसीआर (जंतूचं डीएनए शोधायची तपासणी) करून बघितली, तर ईल्सच्या जवळपास निम्म्या नमुन्यांत टीबीच्या जंतूचं डीएनए सापडलं, इतर आजारांच्या नमुन्यांत खूपच कमी. पण जंतू जिवंत वाढवून दाखवणं वेगळं. त्यामुळे सगळ्यात जास्त पटणारी समजूत अशी की जंतू डोळ्यात धुमाकूळ घालतोय असं नाही, तर त्याच्या प्रोटीनवर आपलीच इम्युनिटी चवताळते आणि मार शिरेला बसतो. आणि हे ताटातून, टॉवेलमधून कुणाला लागत नाही, लग्न जमवायला अडचण नाही, आनुवंशिकही नाही. (हे तीन प्रश्न आईच्या तोंडून याच क्रमाने येतात.)

मँटू, म्हणजे हातावर टोचून करायची टीबीची टेस्ट, पॉझिटिव्ह आली म्हणजे टीबीच, असंही नसतं. आपल्या देशात बीसीजी घेतलेले आणि सुप्त टीबी असलेले इतके लोक आहेत की टोचलेली जागा फुगणं हे काही आश्चर्य नाही. म्हणून छातीचा सीटी, क्वांटिफेरॉन (टीबीची रक्ततपासणी), बाकीच्या तपासण्या, सगळं एकत्र ठेवून डॉक्टर ठरवतात की टीबीची औषधं द्यायची की नाही, आणि यावर तज्ज्ञांमध्येसुद्धा एकमत नाही. दिली तर सहा ते नऊ महिने. त्यातलं एथॅम्ब्युटॉल डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नर्व्हलाच त्रास देऊ शकतं, म्हणून आम्ही दर वेळी ते रंगीत ठिपक्यांचं पुस्तक वाचून घेतो, त्यातला आकडा अडखळायला लागला तर लगेच आत सांगायचं. आणि एक, औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत सूज उलट वाढू शकते, मेलेल्या जंतूंवर इम्युनिटी तुटून पडते म्हणून. तेव्हा "औषधाने वाढलं" म्हणून बंद करू नका.

विदर्भातला किंवा नंदुरबारकडचा पोरगा असेल तर सर सिकलसेलची तपासणी आवर्जून लावतात, कारण कडेला अगदी असाच पंखा सिकलसेलमध्येही उगवतो. तिथे शिरेला सूज नसते, वाकड्या झालेल्या लाल पेशी वाट अडवतात. ईल्स हे नाव सगळं बाकीचं वगळूनच द्यायचं असतं.

आता शुगरवाल्यांनो, तुमची सुटका नाहीये. शुगरमध्येही पांढऱ्या पेशी केशवाहिन्यांना चिकटून वाट अडवतात हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. याचा सुगावा फार विचित्र जागी लागला होता. १९६४ मध्ये पॉवेल आणि फील्ड या दोघांनी लॅन्सेटमध्ये लिहिलं की ज्या शुगरच्या पेशंटना संधिवात आहे आणि त्यासाठी जे भरपूर सॅलिसिलेट, म्हणजे अ‍ॅस्पिरिनच्या घराण्यातलं औषध खातात, त्यांच्या पडद्याला त्रास कमी दिसतो. मग अमेरिकेत ३,७११ पेशंटवर मोठी ट्रायल झाली, रोज ६५० मिलिग्राम अ‍ॅस्पिरिन, आणि १९९१ मध्ये निकाल आला की पडद्याला काही फायदा नाही. तोटाही नाही. संधिवातवाले त्याच्या कितीतरी पट जास्त खायचे, तेवढा डोस शुगरच्या पेशंटला वर्षानुवर्षं द्यायचा तर पोट फाटेल. म्हणजे कल्पना चूक होती का डोस कमी पडला, यावर लोक नंतरही लिहित राहिले. शुगरच्या सुजेत डोळ्यात ठेवायचा डेक्सामेथासोनचा बारीक इम्प्लांट मात्र आज वापरतात, आणि तो स्टेरॉइडच आहे.

आणि सूज म्हणजे नुसता व्हिलन असंही समजू नका. म्हातारपणाच्या मॅक्युलाच्या आजारात तर सगळा गुंता आहे. २००५ मध्ये कॉम्प्लिमेंट फॅक्टर एच नावाच्या जीनचा त्याच्याशी संबंध सापडला. कॉम्प्लिमेंट म्हणजे आपल्या इम्युनिटीचीच एक शाखा, मग लोकांनी ती दाबणारी औषधं काढली. पेगसेटॅकोप्लान २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, कोरड्या प्रकारच्या शेवटच्या टप्प्यासाठी. तर त्याच्या ट्रायलमध्ये दोन वर्षांत नवीन गळक्या वाहिन्या येण्याचं प्रमाण दर महिन्याला इंजेक्शन घेणाऱ्यांत १२ टक्के, आणि खोटं इंजेक्शन दिलेल्यांत ३ टक्के! इम्युनिटी दाबली तर वाहिन्या वाढल्या, उलटंच. अमेरिकेत सेंट लुइसला वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत राजेंद्र आपटे म्हणून आहेत (हो, आपटे), त्यांच्या लॅबने २०१३ मध्ये उंदरांवर दाखवलं की म्हाताऱ्या झालेल्या मॅक्रोफेज पेशींना आतलं कोलेस्टेरॉल बाहेर टाकता येत नाही, आणि अशा तुंबलेल्या पेशी वाहिन्यांची वाढ रोखायच्या ऐवजी तिला हातभार लावतात. म्हणजे तीच पेशी तरुणपणी रखवालदार आणि म्हातारपणी चोराला सामील. उलट २०१९ मध्ये आलेलं ब्रोलुसिझुमॅब, वाहिन्या सुकवायचंच औषध, त्याने काही पेशंटच्या डोळ्यात वाहिन्यांची सूज आली आणि २०२० मध्ये जगभरच्या डॉक्टरांना सावध व्हावं लागलं. हे वाचलं की मला तर आमच्या सरांचं "थांबू या, दोन आठवड्यांनी परत बघू" हे वाक्य शहाणपणाचं वाटायला लागतं.

परत आपल्या पोराकडे. जिम करू का, हा प्रश्न हमखास असतो. ताजं रक्त असेल तोवर जड वजन नको, नंतर सरांना विचारून. बाइक चालवू का? एका डोळ्याने अंतराचा अंदाज चुकतो, काही दिवस मागे बस. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुसरा डोळा. ज्याला काहीच होत नाहीये, ज्याने सगळं स्वच्छ दिसतंय, त्याच्याही कडेला बहुतेकांना आज ना उद्या काहीतरी सापडतं, म्हणून आम्ही दोन्ही डोळ्यांत ड्रॉप टाकून बाहुल्या मोठ्या करतो आणि पोरं वैतागतात की त्रास एकालाच तर दोन्हीत कशाला. त्या ड्रॉपनंतर चार-पाच तास जवळचं दिसत नाही, ऊन सहन होत नाही, गाडी चालवता येत नाही. तेव्हा येताना कुणाला तरी सोबत आणा, जुनी अँजिओग्राफी आणि मँटूचा रिपोर्ट असेल तर तोही आणा, मोबाइलमधला अर्धा कापलेला फोटो नको, आणि अँजिओग्राफी असेल त्या दिवशी हलकं काहीतरी खाऊन या.